हद्द उगीच वाकत नाही

स्कूटीच्या मागच्या सीटवर काळा कोट घातलेला म्हातारा. त्याचा एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात पत्र्याची लांब नळी. नळीत नकाशे. ऐन उन्हाळ्यातही तो कोट निघत नसे. मी एकदा भीत भीत म्हटलं, की काका, खेड्यात कोण बघते, कोट घरी ठेवा. तर म्हणाले, कोर्टात पेशीला बिनाकोटाचं जातात का? त्यांच्या लेखी आम्ही फिरायला जातच नव्हतो. एका साक्षीदाराला समन्स द्यायला जात होतो. साक्षीदार म्हणजे एक पडकी गढी, आणि ती नेमकी कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते आमचे घरमालक. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात देवळामागच्या गल्लीत त्यांचं घर, वर ते एकटे, खाली मागच्या खोलीत आम्ही. वकिली त्यांनी केव्हाच सोडली होती, पण वकील काही त्यांच्यातून निघाला नव्हता. जन्मभर एकाच प्रकारचे खटले लढले, धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे. याचा धुरा त्याने नांगरला, त्याने याच्या शेतात चार हात खुंटी सरकवली. इकडे धुऱ्याला मेड़ म्हणतात, पण भांडण तेच.

मी यवतमाळकडची. आई आजारी पडली आणि आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. लग्न होऊन रायपूरला आले. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात, मी चार घरचा स्वयंपाक करणारी. मला प्रश्नांची फार भीती. कोणी काही विचारलं की अजून आठवीच्या वर्गात उभं केल्यासारखं होतं, तळहात ओले होतात. खोली शोधताना लोकांनी काय काय विचारलं. जात कोणती, मच्छी खाता का, गावाकडून किती लोक येतील. काकांनी एकच विचारलं. म्हणाले, "तुमच्या गावाची हद्द कुठे संपते?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला.  माझ्या तोंडातून निघून गेलं, की रात्री आमच्या गावचे कुत्रे भुंकायचे थांबतात आणि पुढच्या गावचे सुरू होतात, तिथे. काकांनी खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाले, "तुमच्या बाईची साक्ष चांगली आहे."

असं माझ्याबद्दल त्याआधी कोणी बोललं नव्हतं.

त्यांना सगळीकडे हद्दी दिसत. जेवायला वाढलं तर ताटातही. लोणच्याचा रस भाताकडे निघाला की बोटाने अडवत आणि म्हणत, अतिक्रमण. माझ्या ओल्या साड्या त्यांच्या तुळशीवर ठिबकल्या तर रागावले नाहीत, खडूने अंगणात एक रेघ ओढून दिली आणि शिवाय पुतण्याला साक्षीदार म्हणून उभं केलं. पुतण्या नवा रायपूरला सरकारी नोकरीत. मराठी सगळी समजायची त्याला, उत्तर मात्र हिंदीत. "चाचाजी, आप भी ना," एवढं म्हणून तो रेघ ओलांडून चहा प्यायला गेला. काकांनी खडूने रेघेवरच्या त्याच्या बुटाच्या ठशाभोवती गोल केला.

गढीची गोष्ट मला वर्षभराने कळली. काका नवे वकील असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा खटला त्यांच्याकडे आला होता. तो म्हणायचा, माझं शेत गढापर्यंत आहे, बापाने तसंच सांगितलं. समोरचा वकील कोर्टात हसला. म्हणाला, गढ दाखवा, मग बोला. काकांनी शेतकऱ्याला जागेवर नेलं, कुठे आहे गढ, दाखव. त्याने हात केला. समोर टेकडी होती. काका टेकडीवर चढले, पूर्ण पालथी घातली. एक चौकट नाही, एक बुरूज नाही, भिंतीचा एक दगड नाही. खटला हरले. शेत गेलं. म्हातारा पुढे वारलाही, पण त्या दिवशी कोर्टातून जाताना काकांना एकच म्हणाला होता, की साहेब, मी खोटं नाही बोललो.

बस, एवढंच. एवढ्यासाठी त्या माणसाने रिटायर झाल्यावर त्या भागातल्या सगळ्या टेकड्या पायाखाली घातल्या. बाकीच्या वकिलांनी हजार खटले हरून सोडून दिले असतील. यांचा एक खटला तेवढा उघडा राहिला होता.

त्यांच्याकडे तीन कागद होते आणि तिघांना त्यांनी नावं दिली होती. इंग्रजांच्या मोजणीच्या नकाशाची नक्कल, तो साहेब. कापडावर चिकटवलेला गावनकाशा, तो पटवारी. आणि मोडीतला एक जुना कागद, तो आजोबा. आजोबांचं म्हणणं, की भोसल्यांच्या मुलखाच्या शिवेवर एक गढी होती, तिथे गाड्या अडवून जकात घेत. साहेबाने नकाशावर बारीक तिरप्या अक्षरात 'ओल्ड फोर्ट' लिहिलं होतं, पण टिंब दिलं नव्हतं. अक्षरं एका तळ्यापासून सुरू होऊन थेट टेकडीपर्यंत पसरलेली. पटवारी गढीबद्दल एक शब्द बोलत नव्हता. त्याच्याकडे शेतं होती, तळं होतं आणि दोन गावांची हद्द होती.

काका म्हणत, "एक कागद खोटं बोलतो. तीन कागद भांडतात. आपण भांडण ऐकायचं."

दुसरं एक नेहमीचं वाक्य होतं. मी भाजी चिरत असले तरी ऐकवायचे. "हद्द उगीच वाकत नाही. सरळ चाललेली हद्द वाकली, तर समजायचं तिथे कोणी तरी अडून बसलं होतं."

मी या सगळ्यात आले ते त्यांच्या डोळ्यांमुळे. काचबिंदू. आधी बाजूचं दिसेनासं झालं, मग मधलंही धुरकटलं. स्वतःच म्हणायचे, की आता मी माझ्याच नकाशाच्या नळीतून जग बघून राहिलो. पुतण्याने सांगून टाकलं होतं, की नजर गेली की इथे एकटं राहायचं नाही, त्याच्या फ्लॅटवर यायचं. काकांनी कबूल केलं, पण अट घातली. साक्षीदार हजर होईपर्यंत नाही. दोघांनाही माहीत होतं, की डोळे आणि गढी यांची शर्यत लागली आहे. डॉक्टर कोणाच्या बाजूने आहेत हेही माहीत होतं.

एक दिवस पोळ्या लाटत होते तर वरून हाक आली. टेबलावर साहेब पसरलेला, काका भिंग घेऊन त्यावर वाकलेले. म्हणाले, "हे अक्षर वाच."

मी म्हटलं, "काका, मले इंग्रजी नाही येत."

"वाचायला कोण सांगते? एकेक अक्षर बोल. जोडायचं काम माझं."

मी एकेक अक्षर बोलले. ते जोडत गेले. असं आमचं काम सुरू झालं. हळूहळू उतार कसा दाखवतात, ओढा कुठला, गाडीवाट कुठली, हे सगळं समजायला लागलं. शाळेत नकाशा भरताना मी समुद्रही हिरवा रंगवला होता, त्यावर सगळा वर्ग हसला होता. काका हसत नसत. चुकलं तर म्हणत, उलटतपासणी घे स्वतःची.

ते बोलत आणि मी पेन्सिलीने कागदावर उतरवत असे. माझा हात जड. भीतीने असेल, पण पेन्सिल मी अशी दाबून धरते की कागद फाटतो. शाळेत बाई वहीची मागची पानं सगळ्यांना दाखवायच्या, बघा हिने काय नांगरून ठेवलं. काकांनाही ते आवाजावरून कळायचं. "अगं कागद आहे तो, शेत नाही. कोणाचा धुरा तोडून राहिली?" मी हात हलका करायची, दोन ओळींनी पुन्हा तेच.

रेकॉर्ड रूममध्ये एकदा नकलेसाठी गेलो होतो. तिथल्या माणसाने माझ्याकडे बघून काकांना विचारलं, की या कोण, यांचं काय काम?  मला वाटलं आता विचारतील शिक्षण किती. काका म्हणाले, "ये मेरी जूनियर हैं." आणि माझ्याकडे वळून, अगदी कोर्टातल्यासारखं, म्हणाले, "घ्या, तुम्ही तपासून घ्या." तुम्ही. त्या माणसाने माझ्यासाठीही खुर्ची ओढली. त्या खुर्चीवर मी कशी बसले होते हे मला अजून आठवतं, अर्धीच. पूर्ण बसायची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. ज्युनिअर म्हणायचे.

नवऱ्याला गंमत वाटायची. "सापडू दे तो गढ," म्हणायचा, "किराया तरी वाचल आपला." पण स्कूटी त्यानेच शिकवली, आणि लायसन निघेपर्यंत मला गल्लीबाहेर जाऊ दिलं नाही.

गावातल्या लोकांना आमचा संशय यायचा. पडक्या जागा शोधत फिरणारी माणसं म्हणजे पुरलेल्या धनाच्या मागे, असं इकडे धरूनच चालतात. एकदा आठदहा जणांनी घेरलं. एक जण म्हणाला, "हंडा खोजे बर आए हव का, बबा?" धनाचा हंडा शोधायला आलात का. मी रडायच्या बेताला आले. काकांनी शांतपणे कोटाचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. भिंग, सुपारीची डबी, लिमलेटच्या गोळ्या. म्हणाले, गढ शोधतो आहे. तो माणूस हसला. "इहां कहां के गढ़. तरिया भर हे." म्हणजे गढ कसला, इथे नुसतं तळं आहे. काकांनी त्यालाही एक गोळी दिली. याच कारणाने त्यांनी मला बजावून ठेवलं आहे, की कोणाला सांगशील तर गावाचं नाव सांगू नको, लोक कुदळी घेऊन जातील. म्हणून इथेही लिहीत नाही.

एक गोष्ट मी त्यांना बरीच आधी सांगितली होती. पटवाऱ्यावर बोट फिरवताना म्हटलं होतं, की काका, हद्द इथे तळ्याला गोल वळसा घेते. ते म्हणाले, तळं आहे, हद्द त्याच्यातून कशी पोहत जाईल? आणि आम्ही पुढच्या टेकडीकडे वळलो. साहेबावर प्रत्येक पाहिलेल्या टेकडीवर त्यांची लाल फुली असे. फुली मारताना ते म्हणत, निर्दोष सुटली. त्या नकाशावर पेन्सिल लावायचा हक्क फक्त त्यांचा. माझी पेन्सिल तर दूर ठेवायला लावत.

मग ती थंडीतली सकाळ. तोवर त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पुतण्याने सामान बांधायला माणूस सांगून ठेवला होता. काका म्हणाले, शेवटची एक पेशी. पहिल्या टेकडीवर पुन्हा जायचं, जिच्याकडे त्या शेतकऱ्याने हात केला होता. मी म्हटलं, दिसणार काय तुम्हाला तिथे? म्हणाले, "मला नाही. तुला दिसेल. तेव्हा तू नव्हती."

स्कूटी तळ्याच्या पाळीशी, म्हणजे काठच्या बांधाशी लावली. टेकडी समोर, पलीकडे. शेतातून नेलं असतं तर धुऱ्यांना ठेचकाळले असते, म्हणून मी त्यांना पाळीवरूनच न्यायचं ठरवलं. पाळ उंच, रुंद, पायाला घट्ट. दोन्हीकडे बेशरमाची झुडपं माथ्याइतकी वाढलेली, मधूनच डाव्या हाताला शेवाळलेलं पाणी दिसायचं, मधूनच पाणी आटून धानाची खाचरं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर. मी खाली बघत चालले होते, साप, काटा, खड्डा. काका मान वर करून चालले होते. एका जागी पाळ तुटली होती, तिथे त्यांना धरून उतरवलं, चढवलं. टेकडी आता यायला हवी होती. झुडपं संपली आणि समोर आमचीच स्कूटी उभी.

 आंधळ्या माणसाला एवढं तंगडवून मी त्यांना जागच्या जागी आणलं होतं. शेवटची पेशी मी वाया घालवली होती.

"काका, मी चुकली," मी म्हटलं. "मी रस्ता चुकली."

ते हलले नाहीत. चेहरा उन्हाकडे केला होता. मग हळू म्हणाले, "ज्युनिअर, निघालो तेव्हा ऊन तोंडावर होतं. मग उजव्या कानावर आलं. मग मानेवर. मग डाव्या कानावर. आता पुन्हा तोंडावर आहे. आणि पाण्याचा वास सारखा डाव्या हाताला. तू कुठे वळवलं मला?"

"कुठेच नाही. पाळ जाईल तशी चालली."

"मग पाळ गोल आहे."

मी मागे वळून पाहिलं. झुडपांवर नजर टाकली तरी काही दिसत नव्हतं. पण मला पटवाऱ्यावरचा तो वळसा आठवला आणि मी म्हटलं, काका, हद्दही इथे अशीच गोल वळते. काका मटकन पाळीवर बसले, काळा कोट धुळीत.

"माती," म्हणाले. "मातीची गढी. भोवती पाण्याचा खंदक. इथल्या सपाट मुलखात दगड कुठून आणतील आणि डोंगर कुठून? आपण मराठी माणसं, गड म्हटला की मान आधी वर जाते. त्या म्हाताऱ्याने हात केला, हाताच्या वाटेत आधी हे तळं होतं. मी त्याच्यावरून टेकडी बघितली."

तुटलेल्या पाळीपाशी मी त्यांना पुन्हा नेलं. तिथून आत एक दबलेली वाट होती, दोन्हीकडच्या आटलेल्या खाचरांपेक्षा उंच. आत थोडी वर उचललेली जमीन, तिवऱ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या लाखोळीचं हिरवं पीक. काका मधोमध उभे राहिले. कोट झटकला, वरचं बटण लावलं आणि बेताच्या आवाजात म्हणाले, "साक्षीदार हजर आहे." समोर कोणी नव्हतं, दोनचार बगळे होते. मला हसू आलं नाही.

मग त्यांनी त्या शेतकऱ्याच्या घरी न्यायला सांगितलं. एवढी वर्षं त्या दारात ते गेले नव्हते, लाज वाटायची. अंगणात त्याची सून होती, आता तीच म्हातारी झालेली. काकांनी चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच त्यांच्या मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत सांगितलं, की तुमचा सासरा खरं बोलत होता, गढ आहे, मला दिसला नाही. बाईने पाण्याचा लोटा त्यांच्या हातात दिला.

"हमन त जानत रहेन, बबा," ती म्हणाली. आम्हाला तर माहीतच होतं.

काका ते पाणी सगळं प्याले.  परतताना मी आरशात पाहिलं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. काचबिंदूचं औषध घातलं की येतं तसं, पण त्या दिवशी औषध घरीच राहिलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी साहेब टेबलावर पसरायला लावला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाले, गोल काढ. मी मागे सरकले. त्या नकाशावर त्यांच्याशिवाय कोणाची रेघ नव्हती, आणि माझा हात माहीत होता. म्हटलं, काका, मी फाडीन. ते म्हणाले, "हजेरी ज्याने घडवली त्यानेच लावायची." मी ओठ दाबून गोल काढला. काही केल्या सुबक येईना. पेन्सिलीचा आवाज इतका झाला की मला वाटलं आता ओरडतील.

"वाकडा आला," मी म्हटलं.

"गढीही वाकडीच असेल," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते नवा रायपूरला गेले. मी मधून मधून जाते. तिकडे रस्ते एवढे रुंद आणि सरळ की स्कूटीवर मला उगीच धडधडतं. काका म्हणतात, या गावाला हद्दच कळत नाही, कुठे वाकत नाही म्हणजे इथे आधी कोणी नव्हतंच की काय. पुतण्याने साहेबाला फ्रेम करायचं ठरवलं होतं, काकांनी काच लावू दिली नाही. पुतण्याला वाटलं म्हाताऱ्याचा हट्ट. मलाही तसंच वाटलं होतं.

मागच्या वेळी गेले तर घरी पाहुणे होते. काका त्यांना गढीची गोष्ट सांगत होते. उठले, चाचपडत भिंतीशी गेले आणि नकाशावर तळहात ठेवला. टेकड्यांवरच्या लाल फुल्या त्यांना लागल्या नाहीत, त्या हलक्या हाताने मारलेल्या होत्या. बोट सरकत सरकत एका जागी आलं आणि थांबलं. कागद तिथे आत दबलेला होता. माझ्या पेन्सिलीने नांगरलेला. ते बोट त्या वाकड्या चरातून हळूहळू पूर्ण गोल फिरलं, जिथून निघालं तिथे परत आलं.

"इथे," काका म्हणाले. "माझ्या ज्युनिअरचं अक्षर आहे."

मी खुर्चीत होते. या वेळी पूर्ण बसले होते.